सकाळ होईपर्यंत

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीत गावी गेलो होतो, परत आल्यावर सर्दी-खोकला, मग कंटाळा... नेहमीचंच. पण परवा भाच्याने असं काही विचारलं की लिहिल्याशिवाय राहवेना.

भाचा अमेरिकेत असतो. त्याने एक व्हिडिओ पाठवला. तिकडे रात्री साडेअकराच्या सुमारास टीव्हीवर जे कार्यक्रम लागतात ना, एक माणूस सूट घालून उभा राहतो आणि दिवसभराच्या बातम्यांची, पुढाऱ्यांची टर उडवतो, त्यातला. जिमी किमेल नावाच्या गृहस्थांचा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचा कार्यक्रम काही दिवस बंद ठेवला होता, तो पुन्हा सुरू झाला त्या रात्रीचा. खाली भाच्याचा प्रश्न : "मामा, आपल्याकडे असं काही कधी नव्हतंच ना? रात्री उभं राहून थेट राज्यकर्त्यांची खेचायची वगैरे?"

आता हा मुलगा भंडारा जिल्ह्यातल्या घरचा. लहानपणी आजोळी मंडईला येऊन, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, पहाटेपर्यंत (अर्ध्या झोपेत का होईना) त्याने हेच पाहिलंय. हसावं की रागवावं कळेना. मग म्हटलं चला, सगळ्यांसाठीच लिहून टाकू. लांबेल, पण सांभाळून घ्या.

आधी बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा. मंडई म्हणजे भाजीमंडई नव्हे! आमच्या भंडारा-गोंदियाकडे भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, म्हणजे शेजारच्या गावची माणसं पाहुणी म्हणून येऊ शकतात. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, हातात चार पैसे असतात. दिवसा जिलेबी, ऊस, तलावातले शिंगाडे, फुगे, बांगड्या. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी तिथेच निघतात. आणि रात्री दंडार, नाटक, किंवा आमच्या गावची खासियत म्हणजे खडी गंमत.

खडी म्हणजे उभी. सगळं उभ्याने चालायचं. शाहीर उभा, ढोलकीवाला कमरेला ढोलकी बांधून उभा, तुणतुणं, डफ, टाळवाले मागे उभे. बाईचं सोंग घेतलेला पुरुष, तो नाच्या. आणि त्याच्याशी बोलता बोलता लोकांना हसवणारा गंमत्या. रंगमंच वगैरे काही नाही, चौकात चार बांबू आणि वर कापड. पडदा नाही, लिहिलेली संहिता नाही. गण व्हायचा, गौळण व्हायची, लावणी व्हायची, आणि या सगळ्याच्या मधून मधून बोलणं चालायचं. खरी गंमत त्या बोलण्यात. पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशात ज्याला बतावणी म्हणतात, त्याच जातीचं. कधी दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या करायचे, एक कलगीवाले, एक तुरेवाले. त्याला दुय्यम म्हणायचे. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, आणि हरतो कोण हे बघत अख्खं गाव उजाडेपर्यंत बसायचं.

(इंग्रजीत ज्याला स्टँड-अप म्हणतात त्याचं शब्दशः मराठी काय होईल, सांगा बरं! :-) )

रात्रभर का, असं मला भाच्याने लहानपणी विचारलं होतं. कारण साधं आहे. दिवसा शेतात काम असतं, आणि रात्री पाहुण्यांना परत जायला गाडी नसते. एवढ्या माणसांना निजायला घरात जागा कुठून आणणार? मग त्यांना चौकात बसवून ठेवायचं. थंडी पडलेली असायची. प्रत्येकजण घोंगडं, चादर घेऊन यायचा. गॅसबत्तीचा सूं सूं आवाज, पेटवलेल्या विड्यांचा वास आणि बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला.

या मंडळींना बातम्या कुठून मिळायच्या? तेही मी पाहिलंय. पार्टी दुपारीच गावात यायची. नाच्या आणि गंमत्या पानठेल्यावर नाहीतर पारावर जाऊन बसायचे. सहज बोलल्यासारखं विचारायचे. औंदा धान कसा? रस्ता झाला का हो? ट्रॅक्टर कोणी घेतला? सोसायटीचा गटसचिव कोण? तासाभरात गावाची सगळी अंडीपिल्ली त्यांच्याकडे. रात्री तेच चौकात. गावाला वाटायचं, याला कसं कळलं! आता अमेरिकेतल्या त्या माणसाकडे म्हणे विनोद लिहून देणारी डझनभर माणसं असतात. आमच्याकडे एक पानठेला पुरायचा.

आता आमच्या घरातला किस्सा. नातेवाइकांनी तो माझ्याकडून वीसदा तरी ऐकला असेल.

१९७९ ची मंडई असावी, मी सहावीत होतो. आमचे मोठेबाबा (वडिलांचे थोरले भाऊ) तेव्हा सरपंच. गावाला पहिली बोरिंग मंजूर झाली होती, म्हणजे हातपंप. ती बसली कुठे? आमच्या वाड्याच्या फाटकाला लागून. कारण काय, तर म्हणे पाणी तिथेच लागलं. रात्री चौकात मोठेबाबा पहिल्या रांगेत, खुर्चीवर. मी त्यांच्या पायाशी. नाच्या डोक्यावर घागर घेऊन ठुमकत आला. गंमत्याने विचारलं,

"काहून वो बाई, इतक्या राती कोठं चालली?"

"पान्याले."

"पान्याले? अवो, गावात बोरिंग आली न नवी!"

"आली न बाप्पा. पन ते सरपंचाच्या घरची सून झाली. सून काई उंबरठ्याच्या बाहीर निंगे?"

ढोलकीवर एक थाप पडली आणि दोन क्षण कोणी हसलंच नाही. सगळं गाव मोठेबाबांकडे बघत होतं. मी पण मान वर करून बघितलं. त्यांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी खिशात हात घातला, पाच रुपयांची नोट काढली आणि वर धरली. त्याबरोबर हशा जो उसळला! नाच्या पुढे येऊन नोट घेऊन गेला. शाहिराने लगेच मोठेबाबांचं नाव घेऊन दुवा दिला. तीही रीतच. बक्षीस देईल त्याचं नाव घ्यायचं आणि चार चांगले शब्द म्हणायचे. मग गंमत्या हळूच म्हणाला, "पाच रुपये भेटले, पन घागर रिकामीच हाय." पुन्हा हशा.

हा किस्सा मी नेहमी इथेच संपवत आलो. मोठेबाबांच्या मोठेपणाचा किस्सा म्हणून. पुढचं थोड्या वेळाने सांगतो.

मोठेबाबांचे वडील, म्हणजे आमचे आबाजी, मंडईच्या जुन्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या लहानपणी गाव मालगुजाराचं होतं. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. गंमत मालगुजाराच्या वाड्यासमोर व्हायची आणि पहिला मान त्यांचा. त्यांच्यावर थेट बोलायची कोणाची टाप नव्हती. मग गंमत्या काय करायचा, तर दिवाणजीवर बोलायचा, पटवाऱ्यावर बोलायचा, कोतवालावर बोलायचा. ज्याला समजायचं त्याला समजायचं. आबाजी म्हणायचे, मालगुजारही हसायचे, कारण दिवाणजीला शिव्या पडल्या की त्यांना बरंच वाटायचं!

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले. त्यांना आता 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे 'माजी मालगुजारी'. (भाच्या, तुझ्या मामाचा तलाव नव्हे.) आणि मग निवडणुका आल्या.

इथे मला एक गंमतशीर योगायोग सापडला. १९५४ हे साल. त्या वर्षी भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली, आणि तिला उभे होते साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकर. भंडारा तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब हरले, राखीव जागा काँग्रेसने जिंकली. ज्या माणसाने घटना लिहिली तो आमच्या जिल्ह्यात हरला, हे भंडारेकर सहसा पाहुण्यांना सांगत नाहीत.

त्याच वर्षी २७ सप्टेंबरला अमेरिकेत 'टुनाइट' नावाचा रात्रीचा कार्यक्रम देशभर दिसायला लागला. स्टीव्ह ॲलन हे त्याचे पहिले सूत्रधार. आज भाचा जे बघतो त्याचं मूळ तिथे आहे. आणि त्याच वर्षी दिल्लीत केंद्र सरकारने गीत आणि नाटक विभाग सुरू केला, सरकारी योजना लोककलावंतांच्या तोंडून खेड्यापाड्यात पोचवायला. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण माझ्या डोक्यात त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत खऱ्या.

आबाजी त्या वेळच्या मंडईतलं एक सोंग सांगायचे. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. गंमत्या म्हातारा शेतकरी होऊन मत टाकायला जातो. बैलजोडीची पेटी दिसते. तो चिठ्ठी बाजूला ठेवतो, कमरेचा धानाचा पेंढा काढतो आणि पेटीच्या फटीत कोंबायला लागतो. साहेब ओरडतो. म्हातारा म्हणतो, "जनावर उपासी ठेवून मत मांगता का बावा?" मग हत्तीकडे वळतो, खाली वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, "हा किती खाते?"

आबाजी हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मी एकदा विचारलं, "आबाजी, तुम्ही कोणाला मत दिलं?" ते म्हणाले, "मालगुजारानं सांगतलं त्याले." मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली होती!

पुढे जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. माझ्या मते खडी गंमतीचा सगळ्यात बहारीचा काळ इथून सुरू झाला. कारण आता टर उडवायला दूरचा राजा नको होता. सरपंच, सभापती, ग्रामसेवक, गटसचिव, सगळे समोरच बसलेले. मालगुजार वंशाने आलेला, सरपंच मताने आलेला. त्याला हसणाऱ्या माणसांकडे पाच वर्षांनी परत हात जोडून यायचं होतं. मोठेबाबांनी पाच रुपये काढले त्यात मनाचा मोठेपणा होताच, पण पुढच्या निवडणुकीचा हिशेबही असणार. आता हे लिहिताना मला काही वाईट वाटत नाही, ते असते तर स्वतःच कबूल करते.

मुंबई-पुण्याकडेही याच सुमारास लोकनाट्य जोरात होतं. पुलंचं 'पुढारी पाहिजे', शाहीर साबळ्यांचं 'यमराज्यात एक रात्र', वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा'. दादा कोंडके म्हणे रोज त्या दिवशीच्या बातमीतलं काहीतरी नवीन घालायचे. पण थिएटरात बसलेला मंत्री प्रयोग संपला की गाडीत बसून निघून जातो. खेड्यात तसं नव्हतं. ज्याच्यावर बोललं तो, जो बोलला तो आणि जे हसले ते, सगळे सकाळी एकाच विहिरीवर. निदान मला तसं वाटायचं.

यापेक्षा वेगळी एक वाटही आपल्याकडे होती, तिचा उल्लेख करायलाच हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाचाच घाट, पण त्यात भटजीची, सावकाराची फजिती. पुढे १९३० नंतर आंबेडकरी जलसे आले, नाशिककडचे भीमराव कर्डक त्यातले मोठे नाव. त्यांनी गणपतीचा गण काढला, गौळण काढली, नाच्याही काढला. का काढला? आपल्याच माणसाने लुगडं नेसून दुसऱ्यांची करमणूक करायची, आणि त्यालाच गावाने हिणवायचं, हे त्यांना नको होतं. मी कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा मला पटलं नव्हतं. कलेत कसली आलीय जात, असं मी वादात म्हटल्याचं आठवतं.

आणि आमच्या विदर्भातले गाडगेबाबा! तेही रात्री उभे राहून लोकांना प्रश्न विचारून विचारून हसवायचे, त्यांच्याच तोंडून त्यांचाच मूर्खपणा काढून घ्यायचे. पण ते कीर्तनाच्या आधी, दिवसा, हातात खराटा घेऊन ते गाव झाडून काढायचे. हा फरक लक्षात ठेवा.

सरकारही या खेळात उतरलं. कुटुंबनियोजन आलं, साक्षरता आली, २००० नंतर संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान आलं, २००७ मध्ये तंटामुक्ती आली. शाहिरांना कार्यक्रम मिळाले, चार पैसे मिळाले, आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? पोट सगळ्यांनाच आहे. पण जो माणूस सकाळी पंचायत समितीतून मानधनाच्या कागदावर सही घेणार, तो रात्री सभापतीच्या बोरिंगवर काय बोलणार? हळूहळू विनोद दूरचे झाले. दिल्लीचे, मुंबईचे. गोसीखुर्द धरणावर मात्र सगळे बोलायचे. १९८८ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली, सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. "धरनाची पायाभरणी झाली तवा मी नाच्या होतो, आता मावशीचं काम करतो, कालवा काई आला नाई," असं एक जण म्हणायचा. लोक पोट धरून हसायचे. पण त्यात कोणाला घाम फुटत नव्हता. गोसीखुर्दचा मालक समोर बसलेला नव्हता.

आता मूळ गोष्टीकडे. ती मी टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं, आई, मुलगी आणि दोन मुलगे, गावातल्या जमावाने मारली. दलित कुटुंब, स्वतःची जमीन कसणारं, मुलांना शिकवणारं. सुरुवातीचे काही आठवडे बाहेर फारसं कोणाला कळलंच नाही. नोव्हेंबरात विदर्भ पेटला, मोर्चे निघाले, तेव्हा देशाला कळलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयात निकाल लागला, पुढे नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या कैदेवर आणल्या. ते सगळं नंतर.

त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. म्हणजे खैरलांजीनंतर जेमतेम महिन्याने आमच्या गावची मंडई. मी गेलो होतो. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, तोपर्यंत आमच्याकडे कुजबुज पोचली होती. दिवसा पाहुण्यांत कोणी विषय काढला की दुसरा कोणी "जाऊ द्या, सणाचा दिवस आहे" म्हणायचा. रात्री गंमत झाली. विजेच्या लोडशेडिंगवर झाली, मोबाईलवर झाली, धानाच्या भावावर झाली. खैरलांजीवर विनोद व्हावा असं मी म्हणत नाही, देव करो आणि तसं कधी न होवो. पण शाहिराकडे फक्त विनोदच नसतो. पोवाडा असतो, शोक असतो, सवाल असतो. त्या रात्री गावच्या चौकात एक शब्द निघाला नाही. मीही तिथे बसून होतो. मी गोसीखुर्दवर हसलो, चहा प्यालो आणि चादर पांघरून बसून राहिलो.

पहाटे घरी चालत येताना मला १९७९ ची सकाळ आठवली. तोपर्यंत सत्तावीस वर्षं मी तिची आठवण काढली नव्हती.

त्या दिवशी सकाळी पार्टी रीतीप्रमाणे शिधा घ्यायला आमच्या वाड्यावर आली होती. मी दात घासत ओसरीत उभा होतो. शाहीर, ढोलकीवाला वगैरे ओसरीवर बसले. नाच्या आणि गंमत्या खाली, अंगणात, पायरीच्या कडेला. रात्री ज्याच्या एका वाक्याने सरपंचाच्या मिशा हलल्या, तो माणूस उकिडवा बसला होता. नाच्याने तोंड धुतलं होतं, पण डोळ्यांत काजळ तसंच होतं. मोठीआईने चहा पाठवला. वरच्यांना कपबशीत. खाली बसलेल्या दोघांसाठी गोठ्याच्या कोनाड्यातले दोन वेगळे कप होते, कान तुटलेले. ते मीच नेऊन दिले. गंमत्याने चहा प्यायला, आणि पिऊन झाल्यावर कप बोरिंगवर नेऊन स्वतः धुतला. आमच्या फाटकाला लागून असलेल्या त्याच बोरिंगवर. दांडा मात्र मी मारला, कारण दांड्याला त्याने हात लावायचा नव्हता. कोणी तसं सांगितलं नव्हतं. मला सहावीत असतानाही ते माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

आणि पुढच्या वर्षी ती पार्टी आमच्या गावात आली नाही. सुपारी दुसऱ्यांना गेली. ठरवणारे मोठेबाबाच होते. बोरिंग जागची हलली नाही.

म्हणून म्हणतो, भाच्या, आपल्याकडे असं काही नव्हतं असं नाही. होतं, आणि त्यांच्याकडे होतं त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. राजाच्या समोर उभं राहून, एक हाताच्या अंतरावरून होतं. पण ती मुभा सकाळ होईपर्यंतची होती. उजाडलं की ज्याने त्याने आपापल्या पायरीवर जाऊन बसायचं. रात्री हसून घेतलं की गावाचंही मन हलकं व्हायचं आणि सरपंचाचंही. पाच रुपयांत काम भागायचं. जलसेवाल्यांनी नाच्या का काढला ते मला २००६ च्या त्या पहाटे समजलं. गाडगेबाबांचा खराटा का हवा, तेही.

तुमच्या त्या किमेलसाहेबांचं प्रकरण वाचताना हेच मनात होतं. तिकडे मुभा मालकाच्या हातात, टीव्ही कंपनीच्या. २०२५ मध्येच स्टीफन कोल्बेर यांचाही कार्यक्रम बंद करणार असल्याचं त्यांच्या कंपनीने जाहीर केलं. कारण म्हणे पैशाचं. असेलही. आणि आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारला, ज्या हॉलमध्ये कुणाल कामराने राजकीय विडंबन केलं होतं, त्या हॉलची मोडतोड झाली. मोडणारे कार्यक्रमाला बसलेलेही नव्हते, त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. मोठेबाबांना निदान समोर बसून ऐकून घ्यावं लागलं, सगळ्या गावादेखत खिशात हात घालावा लागला. दुसऱ्या वर्षी त्यांनी जे केलं ते गुपचूप केलं, कारण उघड करायची लाज वाटत होती. ती लाज ही त्या चौकाची कमाई होती, असं मला वाटतं. लहान कमाई, पण होती. आता लाज तरी कुठे आहे?

यंदाच्या मंडईत खडी गंमत तासभरच झाली. मग डीजे लागला, डान्सचा कार्यक्रम झाला. तरुण मुलं तिकडेच. नाटकवाले अजून टिकून आहेत, वडसा-देसाईगंजच्या कंपन्या दिवाळीनंतर झाडीपट्टीभर फिरतात, पहाटेपर्यंत प्रयोग चालतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडारीवर आयुष्य वेचून लिहून ठेवलं, म्हणून निदान काही कागदावर आहे. पण खडी गंमतीतलं ते रात्रीचं बोलणं कोण लिहिणार? ते त्या रात्रीपुरतं आणि त्या गावापुरतं असायचं.

यंदा बोरिंग बघायला गेलो होतो. घरोघर नळ आल्यापासून ती वापरात नाही. दांडा नाही, चौथरा फुटलाय. चौथऱ्यावर सिमेंटात कोरलेलं मोठेबाबांचं नाव आणि साल अजून वाचता येतं.

त्या गंमत्याचं नाव मात्र मला माहीत नाही. नाच्याचंही नाही. शाहिराचं नाव जाहिरातीत असायचं, या दोघांचं नसायचं. पार्टी वैनगंगेच्या पलीकडची होती एवढंच आठवतं. वडिलांना विचारलं, त्यांना आठवत नाही. मोठीआई आता नाही. आत्या, तू हे वाचत असशील (किंवा कोणी तुला वाचून दाखवत असेल), तर आठवून बघ गं. तू तेव्हा दिवाळीला आली होतीस. चहा तूच गाळला होतास.